पाण्याला विचारणाऱ्या बाई

रामटेकेबाई बाजाराला निघाल्या की पिशवीच्या आधी बादली घेतात. रंगकाम झाल्यावर उरते ना, झाकणाची, तसली. अर्धी पाण्याने भरलेली. ती कोपरात अडकवून त्या पिरंगुटच्या भाजीवाल्यापुढे उभ्या राहतात, झाकण काढतात आणि एकेक वांगं, बटाटा, लिंबू त्यात सोडून बघतात.

पहिल्यांदा भाजीवाला वैतागला. म्हणाला, "मावशी, भाजी घरी जाऊन धुवा की!"

"धुवून नाही राहिली बापा. विचारून राहिली."

"कुणाला?"

"पाण्याले."

भाजीवाल्याने कपाळाला हात लावला. पण मागच्या बायका हसता हसता पुढे सरकल्या आणि आपापली वांगी पुढे करायला लागल्या. "बाई, माझं बी बघा वो जरा." मीही तिथेच उभा होतो, कोथिंबीर घेत. माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण त्या बाई जिथे असतील तिथे माझं हेच होतं.

आता मी कोण, तेही सांगतो. मी दुसरी शिकलेला माणूस. तिसरीत मास्तरांशी माझं पटलं नाही, मी शाळा सोडली. मास्तर चुकले होते, हे माझं आजही म्हणणं आहे. पण गावात गोष्ट सांगावी तर मीच. बिबट्या गोठ्यात कसा शिरला, ताम्हिणीच्या घाटात धुक्यात मला कोण भेटलं, धरणाच्या पाण्याखाली आसरा कशा बसलेल्या असतात आणि जड वस्तू दिसली की खाली कशा ओढून घेतात, हे सगळं मारुतीच्या पारावर बसून मी सांगायचो. चार वाजता शाळा सुटली की पोरं दप्तरासकट पारावर. त्यांत पुढे बसायची माझी नात, आरोही. पहिलीत आहे. माझी गोष्ट चालू असली की तिला तहान लागायची नाही, भूक लागायची नाही. दुसऱ्या पोरांना ती कोपर मारून गप्प करायची.

मग या बाई आल्या. भंडाऱ्याकडच्या. तिकडे बालवाडीपासून चौथीपर्यंत पोरं शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा आणि सून दोघंही आयटीत, म्हणून गावामागच्या नव्या बंगल्यांत राहायला आल्या. सकाळी मुलगा-सून गाडीत बसून जातात ते दिवेलागणीनंतर येतात. बाई मोकळ्या. मोकळं माणूस काय करतं? देवळात जातं, टीव्ही बघतं, सुनेच्या कागाळ्या करतं. बाईंनी बादली उचलली आणि थेट शाळेच्या ओट्यावर येऊन बसल्या. फुकट शिकवते म्हणाल्या. फुकट म्हटल्यावर नको कोण म्हणणार?

पहिल्याच दिवशी पार निम्मा रिकामा. आठवडाभरात मी, मारुती आणि आमची शेळी.

बाई काय शिकवतात ते बघायला मी मुद्दाम कधी गेलो नाही. आमची शेळी शाळेच्या भिंतीपलीकडे चरायला जाते, तिच्यामागे जावं लागायचं. ती रोज चारलाच जाते आणि नेमकी ओट्यामागेच थांबते, त्याला मी काय करू?

तर ओट्यावर मधोमध बादली. भोवती पोरं. आणि बाई हातात संत्रं घेऊन सांगताहेत, "एक होतं संत्रं. नागपुराहून निघालं अन् गडगडत गडगडत मुळशीच्या धरणात येऊन पडलं. पडलं तं पडलं, पण बुडेच ना! मासे म्हणे, अरे, तू काऊन नाही बुडून राहिला? संत्रं म्हणे, माझा कोट पाहा, किती जाड हाये! अन् कोटाच्या आत हवा भरली हाये." संत्रं सोडलं, ते बादलीत तरंगलं. "मंग लागलं ऊन तापायले. संत्रं म्हणे, फेकतो हा कोट." बाईंनी संत्रं सोललं, फोडी तशाच एकत्र ठेवून पाण्यात सोडलं. डुबुक! संत्रं थेट तळाला.

पोरांनी जो गलका केला! माझ्या बिबट्यालाही एवढा कधी झाला नव्हता. बिबट्या खरा आणि संत्रं नुसतं बादलीतलं, तरी.

एका पोराने विचारलं, "बाई, सालीसकट तर जास्त जड ना? मग जड असून तरंगलं कसं?"

मी भिंतीमागे कान टवकारले. म्हटलं, आता फसली. बाई म्हणाल्या, "मले काय विचारतोस? पाण्याले विचार." आणि दोन सारखे प्लॅस्टिकचे डबे काढले. एकात चुरमुरे भरले, एकात वाळू. झाकणं लावली, सोडले. चुरमुऱ्याचा डबा वर, वाळूचा खाली. "डबा तेवढाच. मंग फरक कायचा?" पोरं डबे हलवून बघायला लागली. "अरे, सकाळची पिरंगुटची एसटी अन् दुपारची एसटी. गाडी तेवढीच ना? पण सकाळी पाय ठेवायले जागा नसते. तशी गर्दी. ज्याच्या आत गर्दी जास्त, तो बुडते. ज्याच्या आत जागा, हवा, तो तरंगते."

तेव्हापासून गावात 'गर्दी' हा शब्द काही नीट वापरता येईना. आरोही जेवायला बसली की भाकरी हातावर तोलून म्हणायची, "आजी, आज हिच्यात गर्दी झालीया." आमची कारभारीण हसायची. मी हसलो नाही. भाकरी खरंच जाड होती, पण ते सांगायची ही रीत आहे का?

माझ्या दातांचं तर सांगायलाच नको. माझी कवळी मी दुपारी काढून वाटीत ठेवतो आणि जरा पडतो. एक दिवस उठलो तर वाटी रिकामी. घर धुंडाळलं. तेवढ्यात ओट्याकडून आरोही पळत आली, श्वास लागलेला, तोंडावर आनंद मावत नव्हता. "आबा! आबा! तुमचं दात बुडालं!"

मागून सगळी पोरं. "आबांच्या दातात लई गर्दी!"

बाईंनी ती कवळी उकळलेल्या पाण्याने धुऊन, स्वच्छ रुमालात गुंडाळून पाठवली होती. वर निरोप, की आबांना राग आला असंल तर माफी. कारभारीण रुमालाकडे बघत म्हणाली, "बाई लई चांगल्या हायेत वो." मला तोंडात दात नसल्यामुळे त्या वेळी उत्तर देता आलं नाही.

माझा पारा खरा चढला तो अंड्याच्या दिवशी. बाईंनी अंडं साध्या पाण्यात सोडलं, बुडालं. मग पाण्यात मीठ ढवळत गेल्या, ढवळत गेल्या, आणि अंडं आपलं हळूहळू वर. पोरं उभी राहून टाळ्या पिटतात. आता मला सांगा, यात नवीन काय? दरवर्षी भाताचं बियाणं पेरायच्या आधी मी मिठाच्या पाण्यात टाकतो. पाण्यात मीठ पुरेसं झालं का, ते अंडं सोडूनच बघतो. पोचट दाणा वर येतो, तो काढून टाकायचा. भरलेला खाली बसतो, तो पेरायचा. माझा बापही तेच करायचा. ही आमच्या घरातली वस्तू, आणि टाळ्या भंडाऱ्याला!

घरी आल्यावर आरोहीला म्हटलं, "त्यात काय मोठं? आपुन बी बियाणाला हेच करतो."

ती डोळे मोठे करून बघत राहिली. "मग आबा, तुमी मला कधी दावलं का न्हाई?"

म्हटलं, "बियाणाच्या कामात पोरं लुडबुडत न्हाईत."

"बाई लुडबुडू देत्यात," ती म्हणाली आणि गेली.

त्या रात्री मी ठरवलं, बाईंना एकदा पोरांसमोर खाली बघायला लावायचं. लावायचंच.

संधी आली. ओट्यावर पोरं एका सुरात ओरडत होती, "लाकूड तरंगतं! लाकूड तरंगतं!" बाईंनी काडी, पट्टी, लाटणं, सगळं सोडून बघितलं होतं. मी शेळीला तिथेच सोडून घरी आलो. माळ्यावर अंजनीच्या लाकडाचा एक गाभा पडून होता. अंजनी म्हणजे आमच्या घाटातलं झाड. लाकूड असं, की कुऱ्हाडीला घाम फुटावा. दुसऱ्या दिवशी धोतर-टोपी नीट करून मी ओट्यावर गेलो.

"बाई, एक लाकूड आणलंय," मी म्हटलं. "इचारा तुमच्या पाण्याला."

सगळी पोरं उठून उभी. आरोही म्हणाली, "आबा, लाकूड तरंगतंच. आमी सगळं बघितलं."

"बघ की मग."

मी लाकूड हाताने पाण्यात ठेवलं. ते थांबलं नाही की डगमगलं नाही. सरळ खाली गेलं आणि तळाला 'टक्' वाजलं.

मी मिशीवरून हात फिरवला. आता बाई काय म्हणतात, चेहरा कसा पडतो, ते बघायला मान वर केली.

बाई टाळ्या वाजवत होत्या! पोरांच्या आधी, पोरांपेक्षा मोठ्याने. "अरे बापा! बुडलं ना हो हे तं! लाकूड असून बुडलं! पाहा रे, पाहा!" त्यांनी बाह्या वर करून लाकूड काढलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बुडालं, पुन्हा टाळ्या. एवढा आनंद मी जिंकल्यावर मलाही झाला नव्हता. "सांगा, काऊन बुडलं?"

आणि माझी नात, माझ्या रक्ताची, ओरडली, "बाई, ह्याच्यात लई गर्दी हाय!"

"शाब्बास!"

पोरांनी बाईंना घेरलं. मी ओल्या बाहीने बाजूला उभा. हरायला आलेली बाई जिंकली आणि जिंकायला गेलेला मी सामान पुरवणारा झालो. वर बाई म्हणतात, "आबा, उद्याही काहीतरी आणा ना. तुमच्याकडे भारी वस्तू हायेत."

मी आणायला लागलो. मदत म्हणून नव्हे. कधीतरी अडकतीलच, या हिशेबाने. एकदा गोवरी नेली. ती आधी डौलात तरंगली, मग भिजून फुटली आणि बादलीचा पार चिखल झाला. पोरं खूश. एकदा जिवंत बेडूक नेला. तो खाली गेला, वर आला, मधेच थांबला, आणि एकदम बाईंच्या मांडीवर. बाई खुर्चीवर चढून ओरडायला लागल्या, "आबा, याले पाण्यानं विचारलं, पण यानं उत्तर नाही दिलं!" पोरं हसून हसून लोळली. मीही जरासा हसलो असेन. पण आरोही घरी गेल्यावर बेडूक कुणी आणला ते विसरली आणि बाई खुर्चीवर कशा चढल्या तेवढंच तिने सगळ्यांना करून दाखवलं.

मला एकाच गोष्टीचं समाधान होतं. बाईंची बोली. 'काऊन' म्हटलं की पोरं खिदळायची. 'पोट्टे हो' म्हटलं की एकमेकांना ढकलायची. मी पारावर बाईंची नक्कल करायचो, "काऊन बुडून राहिला रे बापा!" आणि तेवढ्यापुरती चारदोन पोरं माझ्याकडे वळायची. म्हणायचो, बाई कितीही काही करोत, आपल्या पोरांना आपली भाषा लागते. ती आमच्या तोंडात. ती कोणत्याही बादलीत मिळत नाही.

मग एका सोमवारी बाई आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. चार वाजता पोरं ओट्यावर थोडा वेळ रेंगाळली आणि मग, होय, पारावर आली. दप्तरासकट. आरोही पुढे.

मला काय वाटलं ते सांगत नाही. मी घसा साफ केला आणि बिबट्या काढला. काळीकुट्ट रात्र, गोठ्याचं दार, दोन हिरवे डोळे. बिबट्या आता उडी घेणार, इतक्यात एक पोरगं म्हणालं, "आबा, बिबट्या तरंगतो का?"

"आरं, तो पोहतो की."

"पोहला न्हाई तर? नुसता सोडला तर?"

"नुसता कोण सोडंल त्याला?"

"समजा."

आरोही विचार करून म्हणाली, "त्याच्या पोटात शेळी असंल तर गर्दी झाली असंल."

त्यांची चर्चा सुरू झाली. माझा बिबट्या उडीच्या आधी हवेत तसाच लटकत राहिला, आणि पोरं त्याला मनातल्या मनात बादलीत घालत होती. मी उठलो. ही पोरं कुणी बिघडवली ते मला माहीत होतं. म्हटलं, आज जाऊन तोंडावर सांगायचं.

बंगल्यांच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. "अंकल, किधर?"

"आरं, ह्या जागंवर आमी नाचणी पेरायचो. मला किधर इचारतोस?"

त्याला एवढं कळलं नाही, पण माझा आवाज कळला. त्याने सोडलं.

बाईंचं दार नुसतं लोटलेलं. मी हाक मारणार, तोच आतून आवाज आला. "आरं, हितं ये. तितं काय करतुयास?" मी थबकलो. आमच्याच गावची कुणी बाई आत कामाला असणार. "न्हाई वो, आमी कुटं म्हनतोय?" पुन्हा तोच आवाज. "न्हाई वो. न्हाई वो." मग, "आमी. आमी हितं ऱ्हातो."

मी फटीतून बघितलं. रामटेकेबाई एकट्याच. पाय घोट्यापासून बांधलेला, स्टुलावर ठेवलेला. समोर टेबलावर एक संत्रं. त्या संत्र्याशी त्या बोलत होत्या. आमच्या बोलीत. शब्द बरोबर, पण ओठ घट्ट धरून, मुलं पाढे म्हणतात तशा.

माझ्या चपलेचा आवाज झाला. बाई दचकल्या. तोंड लाल झालं. पदर सावरत म्हणाल्या, "आबा! तुम्ही? या ना. मी बाथरूममध्ये घसरली. डॉक्टर म्हणे, पाय नाही टेकवायचा."

मी आत गेलो, पण बसलो नाही. भांडायला आलेला माणूस बसत नाही. "हे काय चाललं होतं?" मी विचारलं.

त्यांनी संत्रं हातात घेतलं, फिरवलं. "पोरं हसतात ना माझ्यावर."

"हसू द्या की. पोरंच ती."

"हसण्याचं काही नाही, आबा. मी तीस-पस्तीस वर्षं पोरांत काढली. पण तुमची आरोही मले एकदा म्हणाली, बाई, तुमी आमच्यासारखं बोलत न्हाई. म्हंजी तुमी बी जाणार. मी म्हटलं, कुठं जाणार? ती म्हणे, उरवड्याच्या कंपनीतल्या कामगारांची पोरं वर्गात येत्यात, येगळं बोलत्यात आणि मग एक दिवस जात्यात. तिची एक मैत्रीण अशीच गेली म्हणे, न सांगता."

ते मला माहीत होतं. बिहारकडची पोरगी होती. आरोही दोन दिवस जेवली नव्हती.

"मी कुठं जाणार, आबा?" बाई म्हणाल्या. "तिकडचं घर विकून इथं हे घेतलं. तिकडे आता कोणी नाही. इथं मुलगा-सून सोन्यासारखे, पण घरी आले की कानात ते लावून इंग्रजीत मीटिंग. मी दार लोटून आत बसते. सकाळपासून माझाच आवाज मले ऐकू येत नाही. चार वाजले की येते." त्या हसल्या. "म्हटलं, पोरांसारखं बोलता आलं तं त्यांना वाटंल, ही काही जाणार नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. उभं राहून गुडघा दुखत होता.

"पण जमून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "शिकवणार कोण? तुम्ही थोडं बोला ना. कायचंही. तुमचं बोलणं खरं इथलं. मी ऐकते."

मी त्यांच्याकडे बघितलं. हातात संत्रं, डोळे पोरांसारखे माझ्या तोंडाकडे लागलेले. या बाईने माझा पार नेला, माझं मिठाचं पाणी नेलं, माझी नात नेली. एवढं एकच तिच्याकडे नव्हतं, तेही आता मागत होती. आणि ते जमलं की उद्या ओट्यावर मला काय उरणार, हे मला चांगलं कळत होतं. मी दुसरी शिकलो आहे, पण तेवढा हिशेब येतो.

"काय सांगू?" मी म्हटलं.

"कायपण सांगा."

खिडकीतून बाहेर सिमेंटचा रस्ता आणि लावलेली विलायती झाडं दिसत होती. मी म्हटलं, "ह्या तुमच्या घराच्या जागंवर आमचं नाचणीचं वावर व्हतं. लई उतार व्हता. पाऊस लागला की माती खाली जायाची, मग माझा बा आन् मी ती पाटीत भरून परत वर न्यायचो."

माझ्या बोलण्यामागून, अगदी हळू, बाईंचे ओठ हलत होते. "लई उतार व्हता. पाटीत भरून..." पुढचा शब्द त्यांचा हुकला.

मी तो पुन्हा म्हटला, आणि तिथून पुढे जरा सावकाश बोलायला लागलो.